आलेखातला तुझा खळगा

रत्ना,

तुझ्या शोकसभेत प्राचार्यांनी सांगितलं की तू मायक्रोवेव्ह ओव्हनवर संशोधन करत होतीस. पुढच्या रांगेतल्या काहींनी आदराने माना हलवल्या. उठून दुरुस्त करावं असं मला एकदा वाटलं, पण भरल्या सभेत 'द्रवांचे परावैद्युत गुणधर्म' म्हणायला जीभ वळेना. तू असतीस तर माझ्या दंडाला चिमटा काढून म्हणाली असतीस, "राहू दे वं विजू. ओव्हन तं ओव्हन. तेवढं तरी समजलं त्यायले." हसू फुटेल म्हणून मी सवयीने तुझ्या बाजूला वळले. तिथे वाणिज्य विभागाचे सर डोळे मिटून बसले होते.

घरी आल्यावर यांनी विचारलं, कशी झाली सभा. चांगली झाली म्हटलं. ओव्हनची गंमत सांगायला घेतली आणि अर्ध्यात सोडून दिली. ती कळण्यासाठी आधी काय काय सांगावं लागलं असतं, या विचारानेच दमले. हे आता रोजचं झालं आहे. घरात माणसं आहेत, स्टाफरूममध्ये माणसं आहेत, चहाला कोणी ना कोणी हाक मारतं. पण आपण ज्या एका गोष्टीबद्दल इतकी वर्षं बोललो, ती गोष्ट या जिल्ह्यात दोघींनाच कळत होती. आता एकटीला कळते, आणि एकटीला कळणं म्हणजे काय, ते मला अजून नीटसं उमगलेलं नाही.

तशी साधीच होती ती. पितळेच्या चौकोनी नळीतून सूक्ष्मलहरी सोडायच्या. नळीच्या टोकाला द्रवाने भरलेली डबी लावायची, तिला आपण सेल म्हणायचो. लहर अभ्रकाच्या पातळ चकतीतून द्रवात शिरते, पलीकडच्या दट्ट्यावर आपटून परत येते. तो दट्ट्या केसाकेसाने सरकवायचा आणि मीटरची सुई कुठे चढते, कुठे उतरते ते टिपत जायचं. दोन उतारांमधल्या अंतरावरून आणि एकामागून एक बसके होत जाणाऱ्या चढांवरून कळतं, की द्रवाचे रेणू लहरीबरोबर किती वळतात आणि वळता वळता तिची किती शक्ती खाऊन टाकतात. पोरी विचारायच्या, मॅडम, याचा उपयोग काय? मी औषधं, अन्नप्रक्रिया, धान्यातला ओलावा असं सांगत बसायची. तू म्हणायचीस, "उपयोग मंग पाहू. आधी सुई पाहा."

आपलं ते सगळं सामान नागपूरहून आलं होतं. विद्यापीठात ते मोडीत निघणार होतं आणि आपल्या दोघींच्या गाइडनी सांगितलं, न्यायचं तर आजच न्या. गाडी करायची कुठून, म्हणून आपण एसटीनेच निघालो. लहरी तयार करणाऱ्या क्लायस्ट्रॉनचा पेटारा माझ्या पायांत, आणि सगळ्यांत लांब नळी साडीत गुंडाळून तुझ्या मांडीवर. कंडक्टर येऊन उभा राहिला.

"बाई, हे काय, नळ फिटिंग का?"

"नळच आहे दादा. पण पाण्याचा नाही."

"मंग कायचा?"

"याच्यातून लहरी जातेत. मोबाईलच्या असतेत नं, तशा."

त्याने नळीकडे पाहिलं, तुझ्याकडे पाहिलं आणि तिकीट फाडता फाडता म्हणाला, "गाडीत चालू नका करू बाप्पा." भंडारा येईपर्यंत तू खिडकीकडे तोंड करून हसत होतीस. तुझे खांदे हलताना मला दिसत होते. तुझी माझी ओळख त्याआधीची, विभागात दोन वर्षं मागेपुढे होतो, पण मैत्री मी त्या बसपासून धरते.

मग सेल. पितळेची भांडी घडवणाऱ्यांचंच हे गाव, त्यामुळे डबी करून द्यायला माणूस लगेच मिळाला. आतून चांदीचा मुलामा तू नागपूरला जाऊन करून आणलास. पहिल्यांदा द्रव भरला तेव्हा तो एका कोपऱ्यातून टिपकत होता. आपण मेण लावलं, रबर लावलं, शेवटी चकतीच बदलली. ज्या दिवशी सुईने पहिला स्वच्छ उतार दाखवला, त्या दिवशी तू खुर्ची मागे ढकलून उठलीस आणि व्हरांड्यात जाऊन उभी राहिलीस. मला वाटलं तू रडते आहेस. बाहेर येऊन पाहिलं तर तू पेरू खात होतीस. "भूक लागली होती," म्हणालीस. अर्धा मला दिलास.

आपण ब्युटेनॉल आणि ब्युटिल अमाइन या दोन द्रवांची मिश्रणं घेतली होती, आणि अमाइनला मासळीसारखा वास येतो. तो साडीत बसायचा, केसांत बसायचा. एकदा स्टाफरूममध्ये एक सर म्हणाले, "फिजिक्सच्या मॅडम आल्या की मासळी बाजार आल्यासारखा वाटते." हसले दोघंचौघं. वास माझ्याही साडीला होता, पण ते तुझ्याकडे पाहून बोलले होते. तुझे वडील वैनगंगेत जाळं टाकायचे, हे सगळ्यांना माहीत होतं. तू डबा बंद केलास आणि शांतपणे म्हणालीस, "सर, तो अमाइनचा वास आहे. मासळी शिळी झाली की तिलाही तसाच येतो. ताज्या मासळीचा वेगळा असतो, घरी या कधी, दाखवते." कोणी हसलं नाही. पण नंतर प्रयोगशाळेत तू एकच चंचुपात्र किती वेळ धूत राहिलीस. मी बाजूला उभी राहून फडक्याने पुसायची वाट पाहत होते. तू ते देईचनास.

तुझ्या गावाबद्दल तू फार कमी बोलायचीस. गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गाव गेलं, घरं नव्या वसाहतीत गेली, तुझा भाऊ आता नदीऐवजी त्या फुगलेल्या पाण्यातच मासे धरतो, एवढं मला ठाऊक होतं. एका रविवारी तू मला तिकडे नेलंस. त्या भावाने, तुझ्या दादांनी, आपल्याला डोंग्यात बसवून बरंच आत नेलं. एका ठिकाणी त्यांनी वल्हं थांबवलं आणि म्हणाले, "इथंच. खाली आपलं घर." तिथे बाकीच्या पाण्यासारखंच पाणी होतं. तू पिशवीतून रिकामी बाटली काढलीस, भरलीस, बूच लावलंस. मी तेव्हा विचारलं नाही.

सोमवारी तू ते पाणी सेलमध्ये भरलंस. मी म्हटलं, यात काय निघणार, पाण्याचे आकडे सगळ्या पुस्तकांत आहेत. तू ऐकलं नाहीस. पाण्यात लहर टिकत नाही. एकदोन उड्या मारते आणि सुई आडवी पडते. तू सगळं टिपलंस, गणित केलंस. मग कॉलेजच्या नळाचं पाणी घेऊन पुन्हा तेच केलंस.

"काय निघालं?" मी विचारलं.

"पाणीच निघालं," तू म्हणालीस. उरलेलं पाणी तू खिडकीतल्या तुळशीला घातलंस आणि आपण पुन्हा ब्युटेनॉलकडे वळलो.

आता त्या खळग्याकडे येते. यायलाच हवं.

दोन्ही द्रव सारख्या प्रमाणात मिसळले की तुझ्या आलेखाची रेषा मध्येच खाली जायची. नुसतं ब्युटेनॉल जेवढी शक्ती खातं, नुसतं अमाइन जेवढी खातं, त्या दोन्हींपेक्षा हे मिश्रण कमी खात होतं. तुझं म्हणणं, दोघांचे रेणू एकमेकांना धरून बसतात, जोडी जड होते, लहर आली तरी वळत नाही. तशा जोड्या होतात, हे मलाही मान्य होतं. पण इतका खोल खळगा मला मान्य नव्हता. मी म्हणायची, अमाइन तुझ्या सेलचा मुलामा खातं आहे, खालचं पितळ उघडं पडलं आहे, म्हणून आकडे खोटे येताहेत, द्रव काढताना त्याला निळसर झाक येते ती दिसत नाही का तुला? तू म्हणायचीस, ती झाक द्रव सेलमध्ये तसाच पडून राहिला तरच येते, ताज्या द्रवाला येत नाही.

लाखांदूरला प्रात्यक्षिक परीक्षा घ्यायला निघालो होतो तेव्हाही हेच चाललं होतं. दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या, बस खड्ड्यांतून चाललेली, आणि आपण दोघी आवाज चढवून बोलत होतो. पुढच्या सीटवरची म्हातारी मागे वळून म्हणाली, "बहिणी आहा का वं? वाटणीचं भांडण आहे का?"

"हो माय," तू म्हणालीस, "हिले माझा वाटा द्याचा नाही."

म्हातारीने मला लाखांदूरपर्यंत समजावलं, की लहान बहिणीचं मन मोडू नये. तू तिच्या प्रत्येक वाक्याला मान डोलावत होतीस.

त्या भांडणामुळे आपला संशोधनाचा पेपर छापायला गेला नाही. मी म्हटलं, खळगा वगळून पाठवू. तू म्हणालीस, मग माझं नाव वगळून पाठव. दोन्हींपैकी काहीच वगळणं जमण्यासारखं नव्हतं. मी आजही म्हणेन, की मी हट्टाने बोलत नव्हते, मला खरंच तसं दिसत होतं. आणि तुलाही तुझं खरंच दिसत होतं. पण तुझ्याशी भांडायला बसताना मी सगळी तयारी करून यायची, तू काय काय विचारशील ते धरून यायची, आणि तू हमखास भलतंच काही विचारायचीस. एकदा माझे आकडे वेडेवाकडे येत होते तेव्हा तू वर बघून म्हणालीस, "पंखा बंद कर." पंख्याने टेबल थरथरत होतं. मी आठवडाभर मीटर उघडून बसले होते.

एक गोष्ट तुला मी कधी सांगितली नाही. नागपूरच्या एका मोठ्या कॉलेजात मला जागा मिळत होती. यांची बदलीही तिकडे झाली असती. मी नाही म्हटलं आणि सगळ्यांना सांगितलं, की आंधळगावला आई एकटी असते, तिच्यापासून लांब जायचं नाही. आईचं निमित्त खोटं नव्हतं, पण ते पुरेसंही नव्हतं. तिथे मला चांगली प्रयोगशाळा मिळाली असती, नवीन यंत्रं मिळाली असती, आणि दिवसभर ज्याच्याशी भांडावं असं कोणी मिळालं नसतं. हे तुला सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, "येडी झाली का वं?" आणि मग बरेच दिवस मला त्यावरून चिडवलं असतंस. मी त्या चिडवण्याला घाबरले असेन. आता सांगते. मी तुझ्यासाठी राहिले, आणि एकदाही वाटलं नाही की चुकलं.

तुझ्या पोटातलं दुखणं साधं नाही हे कळलं तेव्हा तूच मला फोन केलास. आवाज नेहमीचाच. "नागपूरले जाऊन राहिली. माझे तास पाहून घेजो." मग तुझे केस गेले, तू रुमाल बांधायला लागलीस, आणि मी दर शनिवारी दवाखान्यात येऊ लागले. आपण तिथेही आजाराबद्दल बोललो नाही. मी सांगितलं, नवीन सेल करायला टाकला आहे, चांदीचा मुलामा चांगला जाड दिला आहे, अमाइनला खाता येणार नाही. तुझे डोळे कसे चमकले होते.

"मंग आता फैसला होते," तू म्हणालीस.

"होऊ दे. मी हरायला तयार आहे."

"तू कायले हरशील, तू तं लिहून देशील की सेल खराब आहे." तू माझा हात धरलास. तुझी बोटं थंड होती. "विजू, मी आल्याशिवाय लावू नको. दोघी मिळून पाहू."

मी हो म्हटलं. सेल आला, कपाटात गेला. तू विचारायचीस, आला का? मी म्हणायची, आला, तुझी वाट पाहतो आहे. नंतर नंतर तू विचारायची थांबलीस, आणि मीही तो विषय काढला नाही.

डॉक्टरांनी घरी न्या म्हटलं तेव्हा दादा तुला वसाहतीत घेऊन गेले. मी आले त्या दुपारी तू झोपली होतीस. तुझी माय बाजूला बसून ओल्या फडक्याने तुझे ओठ पुसत होती. मला म्हणाली, "तुयं नाव घेत होती सकाळी. काहीतरी पाह्याचं राह्यलं म्हणे. काय पाह्याचं राह्यलं वं पोरी?"

मी म्हटलं, "कॉलेजातलं काम आहे, माय. होईल ते."

"तुमी दोघी काय करत होता तिथं, मले कधी समजलंच नाही," ती म्हणाली. "पण तिथून आली की खुशीत राहे."

मी संध्याकाळच्या बसने परत आले. दुसऱ्या दिवशी दादांचा फोन आला.

शोकसभा झाली, परीक्षा झाल्या, सुट्या लागल्या. कॉलेज रिकामं झालं. मी रोज जात होते, काही काम नसताना. तुला दिलेल्या शब्दाचं काय करायचं ते मला कळत नव्हतं. तू आल्याशिवाय लावायचा नाही, म्हणजे मग कधीच लावायचा नाही. तो सेल कपाटात तसाच काळा पडला असता, आणि माझ्यानंतर कोणीतरी तो भंगारात काढला असता. काल सकाळी मी कपाट उघडलं आणि तो लावला. रागवायचं तर रागव.

नव्या सेलमध्ये खळगा आला नाही, रत्ना. रेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ उतरली. मध्ये किंचित वाकली, तेवढं वाकणं मी आधीपासून मानत होते. मी पेन ठेवलं. जिंकले होते, आणि खोलीत पंखासुद्धा चालू नव्हता.

मग मी तुझ्या वतीने बोलायला लागले. तू लगेच म्हणाली असतीस, ब्युटेनॉलची बाटली जुनी आहे, हवेतलं पाणी ओढून बसली असेल, तू पाणीच मोजून राहिली. बरोबर आहे. मी नवी, सील न तोडलेली बाटली उघडली आणि सगळं पुन्हा केलं. खळगा नाही.

तू म्हणाली असतीस, मी मोजलं तेव्हा थंडी होती, आता उन्हाळ्यात जोड्या सुटणारच, त्यात माझी काय चूक. हेही बरोबर. आज सकाळी मी मासळी बाजारात जाऊन बर्फ आणला. विकणाऱ्या बाईने विचारलं, मासळी कोणती देऊ, मी म्हटलं नुसता बर्फच हवा. तिने पिशवी भरून दिली. सेलभोवतीचं पाणी त्याने गार केलं, तुझ्या हिवाळ्याइतकं गार, आणि ते तसंच राहावं म्हणून सारखा बर्फ टाकत राहिले. बाहेर लू चालली होती, माझी बोटं बधिर झाली होती. चढ, उतार, चढ, उतार. सगळं टिपून, गणित करून, बिंदू मांडून पाहिलं. रेषा तशीच.

इथे तू तिसरं काहीतरी काढलं असतंस. मला ठाऊक आहे तू गप्प बसली नसतीस. खुर्ची मागे टेकवून, आलेख हातात धरून, थोडा वेळ ओठ चावून तू असं काही विचारलं असतंस, की मला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली असती, आणि कदाचित तुझंच बरोबर ठरलं असतं. मी आलेख समोर ठेवून बसले. सेल पाहिला, नळ्या पाहिल्या, सुई पाहिली. दुपार गेली. शिपाई खिडक्या लावायला आला, मॅडम, अजून आहा का, म्हणाला. आहे म्हटलं.

तो गेल्यावरही मी बसून राहिले. तू काय विचारलं असतंस, ते मला सुचत नाही.